टाकीला नाव सांगणं

"मना फक्त एवढं सांगा, माज्या पोराला टाकीला नाव सांगाया लावणार नाय. मग मी जातंय."

झुलेखाबी माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. अंगावर काळा बुरखा, चेहऱ्यावरचा पडदा वर टाकलेला, मांडीवर रिकामी टोपली. आमच्या ऑफिसात बाई येण्याचा तो पहिलाच प्रसंग. टाइपिस्टने टाइप करणं थांबवलं होतं. गेटवरचा अरब वॉचमन त्यांच्यामागोमाग आत आला होता आणि "मुदीर, मुदीर" करत माझ्याकडे बोट दाखवत होता. मुदीर म्हणजे मॅनेजर. मी मॅनेजर नव्हतो, पण बाईंना कोणाच्या तरी पदरात टाकून त्याला मोकळं व्हायचं होतं.

मी म्हणालो, "कोण लावणार आहे?"

"तुमचा हसन तांडेल. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर."

मी वॉचमनला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. मला हे प्रकरण नवीन नव्हतं. नवीन एवढंच होतं की कोणाची तरी आई त्याबद्दल विचारायला आली होती.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी कुवेतमध्ये मीना अब्दुल्लाच्या रस्त्यावर एका कंत्राटदाराकडे सेफ्टी इन्स्ट्रक्टर होतो. टाक्या दुसऱ्यांच्या, माणसं आमची. आमच्या माणसांचं मुख्य काम गेजिंग. टाकीत तेल किती आहे ते मोजणं म्हणजे गेजिंग. तीनचार मजली इमारतीएवढी लोखंडी टाकी. बाहेरून गोल जिना. छतावर झाकण असलेलं एक भोक, त्याला हॅच म्हणायचं. हॅच उघडायचं, स्टीलची टेप आत सोडायची आणि तेल कुठवर लागलं ते वाचायचं. टेपच्या टोकाला पितळी वजन असतं, कारण लोखंडावर लोखंड आपटलं तर ठिणगी पडते. काम सोपं आहे. फक्त हॅच उघडताना वारा पाठीवर घ्यायचा आणि तोंड बाजूला ठेवायचं, एवढा एक नियम पाळायचा.

नियमाचं कारण गॅस. कच्च्या तेलातून एक गॅस निघतो, त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. थोडा असला तर नुसता वास. जास्त असला तर नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे गॅसही गेला. तो निर्धास्त होतो आणि पडतो. त्याहूनही जास्त असला तर पुन्हा उठत नाही. नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, वास आला तर घाबरा, आणि येता येता बंद झाला तर पळा.

आता नाव सांगण्याबद्दल. आमची गेजिंगची गँग जवळजवळ सगळी रत्नागिरी-रायगड किनाऱ्यावरची, मुसलमान, घराण्यात जहाजाचं काम. जहाजावर नवा खलाशी आला की त्याला काहीतरी करायला लावल्याशिवाय जुने त्याला आपल्यात घेत नसत. ती रीत यांनी टाकीवर आणली. नव्या पोराने हॅच उघडायचं, वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे नेमकं उलट उभं राहायचं, डोकं भोकाशी न्यायचं आणि आत ओरडून सांगायचं: आपलं नाव, बापाचं नाव, गाव. टाकी अर्धी रिकामी असली की आवाज घुमून परत येतो. आवाज परत आला की टाकीने ओळखलं. मग सगळे गळ्यात पडणार आणि खाली येऊन चहा. हल्ली कॉलेजात याला रॅगिंग म्हणतात आणि आईबाप प्रिन्सिपॉलकडे धाव घेतात. आमच्याकडे शब्द नव्हता आणि प्रिन्सिपॉलही नव्हता. होतो तो मी.

मोठ्याने ओरडायला आधी मोठा श्वास घ्यावा लागतो. यातली भानगड एवढीच आहे. मागच्या बॅचमधला एक जण गावाच्या नावापर्यंत पोचलाच नव्हता. त्याला उचलून खाली आणलं. क्लिनिकमध्ये "उन्हामुळे चक्कर" अशी नोंद झाली, कारण आणणाऱ्यांनी तसंच सांगितलं. पोरगा वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला काय सांगितलं असेल? "साहेब, ऊन फार होतं." त्या दिवशी आभाळ धुळीने भरलेलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी झुलेखाबींना विचारलं.

"युसूफनंच. जेवताना बहिणीला हसून हसून सांगत होता. मना ऐकून घास उतरला नाय." त्यांनी टोपलीवरून हात फिरवला. "मी गँगसाठी सांदणं दिली होती मागच्या हप्त्यात. म्हटलं, पोर नवा हाय, सगळ्यांनी सांभाळून घ्यावा."

सांदणं म्हणजे गोड, वाफवलेल्या तांदळाच्या वड्या. इथे सगळा घोळ झाला होता. जहाजाच्या रीतीप्रमाणे ज्याच्या घरचं खाल्लं त्याला लवकर आपल्यात घ्यायचा. बाईंनी 'सांभाळा' म्हणून दिली, गँगने 'घ्या' म्हणून खाल्ली. युसूफची पाळी दोन महिने पुढे होती, ती या शुक्रवारवर आली. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग?

त्यांना टॅक्सीत बसवलं आणि आमच्या सुपरिंटेंडंटकडे गेलो. मिस्टर डन. स्वभावाने वाईट नव्हता. फक्त जे कागदावर नाही ते जगात नाही, असा त्याचा समज होता.

"एनी रिपोर्टेड इंजुरी?"

"नो सर. पण..."

"मिस्टर बर्वे, मी शिपयार्डमध्ये अप्रेंटिस होतो तेव्हा मला ग्रीसच्या पिंपात बसवलं होतं. बघा, आहे की नाही जिवंत?"

"सर, ग्रीसमध्ये गॅस नसतो."

त्याने थोडा विचार केला. "नोटीस लावा," तो म्हणाला.

मी नोटीस लावली. इंग्रजी, अरबी आणि हिंदी. अरबीत मोठ्या अक्षरांत 'ममनू' म्हणजे मनाई. गँगने ती टिफिन खाता खाता वाचली, ज्यांना येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी मी हसन तांडेलला बोलावलं.

तांडेल म्हणजे नावेवरच्या माणसांचा म्होरक्या. हसन जमिनीवर आला तरी पदवी सुटली नाही. पन्नाशीचा, रुंद बांध्याचा, कामात चोख. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्याने कधी खोटं रीडिंग लिहिलं नाही असा तो एकच गेजर. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. लबाड माणसाला दम देता येतो.

"तांडेल, हे नाव सांगणं बंद करायचं."

"कशापायी, साहेब?"

"माणूस मरेल."

"मरत नाय. जो वरती घाबरतो तो मरतो, आनि दुसऱ्याला घेऊन मरतो. एकदा टाकीच्या तोंडाशी जाऊन आला की भ्याव जातो. मग आयुष्यभर जिना चढताना पाय लटपटत नाय."

"आणि मागचा पडला तो?"

"तेचा तावीज जस्ताचा निघाला. चांदी म्हणून कोणी गळ्यात मारला होता. तवापासून मी स्वता बघतंय. चांदी नाय तर नाव नाय."

मग त्याने शर्टाचं बटण काढून स्वतःचा तावीज दाखवला. चांदीची चौकोनी पेटी, काळी ठिक्कर.

"बघा. सगळी बला हेनं खाल्ली. मी इतकी वर्सं हॅचवर, मना काय झालाय?"

मी दुसऱ्या दिवशी त्याला टाकीवर घेऊन गेलो. शिशाच्या क्षारात भिजवलेला पांढरा कागद असतो. त्या गॅसमध्ये तो काळा पडतो. वारा पाठीवर घेऊन मी हॅच उघडलं आणि लांब काठीला लावलेला कागद तोंडाच्या उंचीवर धरला. बघता बघता काळा झाला. मी म्हणालो, "हाच गॅस चांदीही काळी करतो. चांदी काळी झाली म्हणजे गॅस इथवर आला. चांदीने तो प्यायला असं नाही. उरलेला तुझ्या नाकात गेला."

तांडेलने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कागद काळा झाला, साहेब. मी झालो काय?"

आणि खाली उतरून कामाला लागला. मला राग आला, पण हसूही आलं. परीक्षेत असं उत्तर कोणी दिलं असतं तर मी त्याला निम्मे मार्क दिले असते.

उरला एकच मार्ग. युसूफला गँगमधून काढून लॅबोरेटरीत टाकायचा. तशी बदली माझ्या हातात होती. मी त्याला बोलावलं. एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, हात-पाय लांब, नुकती मिशी फुटलेली. गळ्यात काळ्या दोऱ्यात नवाकोरा चांदीचा तावीज. आईने बांधलेला.

"सर, लॅब नको."

"एअर-कंडिशन्ड आहे."

"असू दे. आईमुळे ट्रान्सफर झाली असं कॅम्पात कळलं तर मेसमध्ये माझ्याशेजारी कोण बसेल? सर, प्लीज. वन डे की तो बात है. मी श्वास रोखून ओरडेन."

"श्वास रोखून ओरडता येतं का?"

लॅबला तो गेला नाही, आणि मी जबरदस्ती केली नाही. परदेशात कॅम्पमध्ये एकटं पडणं काय असतं ते मला माहीत होतं. गॅसने माणूस एकदा पडतो. एकटेपणा रोज जेवायला शेजारी बसतो.

गुरुवारी दुपारी मी कुवेत शहरात, दस्मान भागात, त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर माझ्याने काही होत नाही, हे सांगायला गेलो होतो. समुद्राकडच्या गल्लीत दोन खोल्या. युसूफचे वडील अब्बासभाई एका अरब व्यापाऱ्याच्या घरी मुदपाकखाना सांभाळत. त्याआधी जन्मभर जहाजावर. त्यांनी मला बसवलं आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले:

"साहेब, बायको तुमच्या हापिसात आली, माफी करा. मला न सांगता आली. पोरानं नाव सांगितलं पायजे. मी सांगितलंय, माझ्या बापानं सांगितलंय. मला तर दोरीनं बांधून दर्यात बुडवून काढला होता."

"आणि तेव्हापासून एका कानानं ऐकू येत नाय," झुलेखाबी आतल्या दारातून म्हणाल्या.

अब्बासभाई म्हणाले, "काय?"

त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

मग मी दोघांनाही सगळं सांगितलं. गॅस, नाक बधिर होणं, तांडेलचा तावीज, माझा कागद. झुलेखाबी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. तावीजापाशी त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे तो युसूफला वर चढवतोय तो माज्या तावीजाच्या जिवावर?"

"हो. चांदी नाही तर नाव नाही, असा त्याचा नियमच आहे."

"तावीज दुवेसाठी असतो, साहेब. पोर वाटेनं सुखरूप जावा म्हणून. पोराला मुद्दाम खड्ड्यात टाकायचा आनि बघायचा तावीज वाचवतो का? ही तर अल्लाची परीक्षा घेणं झालं." त्या अब्बासभाईंकडे, चांगल्या कानाच्या बाजूला वळल्या. "तुमी सांगा. असं करता येतं?"

अब्बासभाई नमाजी माणूस. "नाय," ते म्हणाले. "तसं करता येत नाय."

युसूफ संध्याकाळी सुट्टीसाठी घरी आला तेव्हा मी तिथे नव्हतो. काय झालं ते मला नंतर कळलं. आईने त्याला जेवायला वाढलं, मागून आली आणि गळ्यातला दोरा सोडवून घेतला. तो ओरडला, हातापाया पडला, शेवटी इंग्रजीत बोलायला लागला. बाईंना इंग्रजी येत नव्हतं.

शुक्रवारी मी टाकीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. काही झालंच तर म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जीपमध्ये ठेवला होता. हे बेकायदेशीर काम मी स्वतः ऑक्सिजन घेऊन बघायला उभा होतो, यावरून माझा अधिकार किती होता ते लक्षात यावं. गँग जिना चढली. युसूफ मध्ये होता, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी घट्ट लावलेलं. त्या उन्हात बटण लावणारा तो एकटाच.

वर काय झालं ते मला नंतर गँगमधल्या एकाने सांगितलं. तांडेलने युसूफच्या गळ्याकडे हात नेला, बटण काढलं आणि तिथेच थांबला.

"तावीज?"

"घरी राहिला."

"राहिला का ठेवला?"

युसूफ खोटं बोलला असता, पण तांडेलशी खोटं बोलणं कोणालाच जमत नसे. "आईने काढून घेतला," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. तांडेल हसला नाही. त्याने हॅचचं झाकण पायाने दाबून बंद केलं आणि सगळ्यांना खाली उतरवलं. युसूफ सगळ्यांच्या शेवटी उतरला. माझ्याकडे त्याने अशा नजरेने पाहिलं की मी जीपकडे चालू लागलो.

पुढच्या आठवड्यात युसूफने सूकमधून, म्हणजे अरबी बाजारातून, चांदीची अंगठी विकत आणली. तांडेलने ती बोटावर फिरवून पाहिली. "कोणी घातली?"

"मीच घेतली."

"बाजारातली चांदी नुसती चांदी. आयच्या हातची आण."

त्याने दस्मानला निरोपही धाडला, की बाई, पोराची इज्जत जाते, तावीज बांधा. झुलेखाबींनी आणणाऱ्याच्याच हाती उत्तर धाडलं: "तांडेलाला सांग, तावीज मी पोराचा जीव ऱ्हावा म्हणून दिला होता, जीव टांगाया नाय. आनि त्याला एवढी हौस हाय तर त्यानं त्याच्या घरवालीला इचारावं, ती आपल्या पोराला बांधून वर चढवील काय?"

पुढचं वर्ष युसूफचं वाईट गेलं, ते लपवण्यात अर्थ नाही. गँगने त्याचं नाव 'बिननावाचा' ठेवलं. मेसमध्ये त्याच्या शेजारची जागा कधीकधी रिकामी असे. आईशी तो कित्येक महिने कामापुरतं बोलला. मी दोनदा लॅबचं विचारलं, दोन्ही वेळा नको म्हणाला. तो रोज जिना चढत राहिला, वारा पाठीवर घेऊन डिप, म्हणजे टेपने तेलाचं माप, घेत राहिला. मला त्याचं वाईट वाटायचं आणि कौतुकही वाटायचं, पण सेफ्टी इन्स्ट्रक्टरकडून कौतुक ऐकून त्याची मेसमधली जागा भरली नसती.

मधल्या काळात झुलेखाबी एका लग्नासाठी गावी गेल्या. किनाऱ्यावरच्या लग्नात चार गावच्या बायका भाकऱ्या भाजायला एकत्र बसतात. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परिणाम तेवढा दिसला. त्यानंतर जी नवी पोरं आमच्याकडे आली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात काही नव्हतं. विचारलं तर म्हणायची, आईने दिला नाही, घरी ठेवलाय, दुवा तिथूनच करणार आहे. ज्यांच्या गळ्यात होता त्यांना तांडेल वर न्यायचा. पण ते कमी होत गेले, आणि एकट्यादुकट्याला चढवण्यात मजा उरली नाही. बिननावाचे इतके झाले की ते नावही कोणी वापरेना.

मग एके दिवशी नवीन बॅचमध्ये तांडेलचा धाकटा मुलगा आला. गावाहून मुंबई, मुंबईहून बोट. बापाने त्याला पहिल्याच दिवशी स्वतः टाकीवर नेलं. मी नव्या पोरांना हॅच दाखवायला वरच होतो. युसूफ टेप पुसत होता.

तांडेलने पोराच्या कॉलरमध्ये बोट घातलं आणि दोरा शोधला. दोरा नव्हता.

"तावीज कुठं तुजा?"

"आयनं काढून ठेवला, बावा. म्हणाली, बावाला सांग, तावीज बांधतात तो दर्यासाठी. टाकीसाठी नाय."

युसूफचा टेप पुसणारा हात थांबला. मला वाटलं, आता हा हसणार, आणि हसला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तो हसला नाही. तांडेल हॅचकडे बघत उभा राहिला. वारा समुद्रावरून येत होता आणि पोरगा नेमका चुकीच्या बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून उभा होता. कोणीच त्याला अजून सांगितलं नव्हतं. तांडेलने दोन्ही खांद्यांना धरून त्याला फिरवला आणि वारा त्याच्या पाठीवर आणला.

"हितं उभा ऱ्हायचा," तो म्हणाला. "तोंड बाजूला. नाव सांगाया नको. तुजं नाव मना ठाव हाय."

मग युसूफकडे न बघता म्हणाला, "युसूफ, हेला डिप घ्यायला शिकव." त्या टाकीवर मी तांडेलच्या तोंडून युसूफचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. युसूफने टेप पोराच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकीवर त्याला कारण विचारत नाहीत, गॅसने येतंच.

वर्षअखेरच्या तपासणीत मिस्टर डनने अहवालात लिहिलं की ही अनिष्ट प्रथा माझ्या नोटिशीमुळे बंद झाली, आणि मला शाबासकी दिली. मी ती घेतली. नोटीस तोवर उन्हाने पांढरी पडली होती. 'ममनू' सुद्धा वाचता येत नव्हतं. सेफ्टीमधल्या माझ्या उरलेल्या नोकरीत मी पुष्कळ नोटिसा लावल्या, पण त्यानंतर दर नव्या पोराला आधी एक प्रश्न विचारायचो: इथे काय चालतं ते तुझ्या आईला माहीत आहे का?